घटक ४ : विद्यापीठ-परिसराची शाश्वतता आणि विद्यार्थ्यांचा सहभाग

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :
• शाश्वततेची संकल्पना शिक्षणसंस्थेच्या परिसराच्या संदर्भात स्पष्ट करता येईल.
• पाणी, वीज आणि कचरा यांची साधी पाहणी करून तिची नोंद ठेवता येईल.
• नोंदींच्या आधारे संस्थेकडे लेखी प्रस्ताव सादर करता येईल.
• या कामात भाषेच्या विद्यार्थ्याला कोणते विशेष योगदान देता येते, ते सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण पर्यावरण आणि समाज यांच्या परस्परसंबंधांचा विचार केला. तोच विचार प्रस्तुत घटकात आपल्या अगदी जवळच्या जागी, म्हणजे आपण जिथे शिकतो त्या परिसरात, आणून पाहावयाचा आहे.

दरवर्षी ५ जून रोजी जागतिक पर्यावरण दिन साजरा होतो. पाहुणे येतात, खड्डे तयार असतात, रोपे लावली जातात, छायाचित्रे काढली जातात. पुढच्या मार्च महिन्यात त्या रोपांना पाणी कोणी घालावयाचे, हे मात्र बहुधा ठरलेले नसते. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली जातात. या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नसतो. उत्साहाची उणीव नसते, श्रमांचीही नसते. उणीव असते ती सातत्याची. म्हणून सहभाग म्हणजे केवळ उपक्रमात हजर राहणे नव्हे. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीची नोंद करणे, नोंदीचे प्रस्तावात रूपांतर करणे आणि प्रस्तावातून संस्थेची नवी रीत रूढ करणे, असा सहभागाचा खरा क्रम आहे. आपण पदवी घेऊन बाहेर पडल्यावरही जी रीत चालू राहते, तीच शाश्वत होय. या घटकाचे मुख्य सूत्र हेच आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ शाश्वतता आणि शिक्षणसंस्था

ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने १९८७ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेला बाध न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणारा विकास तो शाश्वत विकास, अशी त्यात मांडलेली कल्पना आज सर्वत्र स्वीकारली गेली आहे. १९९० साली फ्रान्समधील ताल्वार येथे विविध देशांतील विद्यापीठप्रमुख एकत्र आले आणि विद्यापीठांच्या पर्यावरणविषयक जबाबदारीचा दहा कलमी जाहीरनामा त्यांनी मांडला.

भारतीय संविधानात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे त्यांपैकी एक आहे. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली दिलेल्या निर्णयात शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरणाचा विषय शिकविण्याचे निर्देश दिले. पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय अनिवार्य झाला, त्यामागे हा निर्णय आहे. अर्थात विषय पाठ्यपुस्तकात येणे आणि परिसरात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वर्गात जलसंधारणाचा धडा शिकविला जातो, त्याच वर्गाबाहेरचा नळ गळत असेल, तर विद्यार्थी धड्यापेक्षा नळाकडूनच अधिक शिकतो.

४.२.२ परिसर कोणाचा?

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यापुढे येथे एक खरी अडचण उभी राहते. नियमित विद्यार्थी आठवड्याचे सहा दिवस महाविद्यालयात असतो; काही जण वसतिगृहात राहतात. आपण मात्र संपर्कसत्रापुरते रविवारी अभ्यास केंद्रावर येतो. ते केंद्र बहुधा दुसऱ्याच एखाद्या महाविद्यालयाच्या इमारतीत असते. अशा स्थितीत ‘येथील पाण्याविषयी आणि विजेविषयी बोलण्याचा मला काय अधिकार?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर तीन प्रकारे देता येते. पहिले असे, की आपण तेथील पाणी पितो, वीज वापरतो आणि कचरा मागे ठेवतो. जेथे उपभोग आहे, तेथे जबाबदारीही आहे. दुसरे, आठवड्यातून एकदाच येणाऱ्या व्यक्तीच्या नजरेला अशा गोष्टी खटकतात, ज्या रोज येणाऱ्याच्या सवयीच्या झालेल्या असतात. रविवारी रिकाम्या वर्गात फिरत असलेला पंखा शनिवारपासून सुरू आहे, हे आपल्यालाच आधी कळू शकते. तिसरे, मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी कोऱ्या अनुभवाने येत नाही. आपल्यापैकी कोणी अंगणवाडी सेविका असते, कोणी वीजतंत्री, कोणी शेतकरी, कोणी कार्यालयीन कर्मचारी. नळाचा वायसर बदलणे, खताचा खड्डा भरणे किंवा अर्ज कोणत्या टेबलावर जातो हे जाणणे, हे सारे ज्ञानच आहे. शिवाय येथे शिकलेली पद्धत आपण आपल्या कामाच्या ठिकाणीही वापरू शकतो. त्या अर्थाने आपला परिसर एका कुंपणापुरता मर्यादित राहत नाही.

४.२.३ दोन उदाहरणे

विद्यार्थी आणि विद्यापीठे या क्षेत्रात काय करू शकतात, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण अमेरिकेतील आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नगररचनेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी १९८९ साली आपल्या प्रबंधासाठी दूरचा विषय न घेता स्वतःचे विद्यापीठच अभ्यासाला घेतले. परिसरातील पर्यावरणीय प्रश्नांची पाहणी करून त्यांनी बदलांचे प्रस्तावही मांडले. पुढे अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी अशा पाहण्या हाती घेतल्या. ज्याला आज हरित लेखापरीक्षण म्हणतात, त्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत विद्यार्थ्यांचा असा वाटा आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून तेथील कार्यकर्त्यांचा कचरा वेचणाऱ्या स्त्रियांशी आणि मुलांशी संबंध आला. केवळ अक्षरओळख देऊन त्यांचे प्रश्न सुटणार नाहीत, हे या संपर्कातून स्पष्ट झाले. उकिरड्यात मिसळलेल्या कचऱ्यात हात घालण्याऐवजी वेगळा केलेला सुका कचरा थेट मिळाला, तर त्यांचे श्रम आणि धोका दोन्ही कमी होणार होते. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या साथीने १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुणे महानगरपालिकेशी करार करून तिने २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले.

पहिल्या उदाहरणात पाहणीला महत्त्व आहे, दुसऱ्यात माणसांना. परिसराच्या शाश्वततेसाठी ही दोन्ही अंगे आवश्यक आहेत. आपण डब्यात टाकलेला कचरा नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी हातात जातो. ओला-सुका कचरा एकत्र करण्याची शिक्षा टाकणाऱ्याला होत नाही, ती उचलणाऱ्याला होते. ही जाणीव नसेल, तर वर्गीकरण हा केवळ रंगीत डब्यांचा विषय राहतो.

४.२.४ पाहणी आणि नोंद

पाहणीसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक वही, घड्याळ, लिटरची बाटली आणि ताणकाटा एवढे साहित्य पुरते. पाहणी कोणत्या दिवशी, कोठे आणि कोणी केली, हे प्रत्येक नोंदीत असावे. पुढील चार बाबींपासून आरंभ करता येईल.

(अ) गळणारे पाणी : गळक्या नळाखाली एक लिटरची बाटली ठेवावी आणि ती भरण्यास लागणारा वेळ मोजावा. समजा, बाटली ४० मिनिटांत भरली. दिवसाची मिनिटे १४४०. म्हणजे त्या नळातून दिवसाला ३६ लिटर आणि वर्षाला १३,१४० लिटर पाणी वाया जाते. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा हे पाणी अधिक आहे. ‘नळ गळतो’ या तक्रारीपेक्षा ‘हा नळ वर्षाला एका टँकरहून अधिक पाणी वाया घालवितो’ हे विधान अधिक परिणामकारक ठरते.

(आ) पावसाचे पाणी : छपराचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि वार्षिक पाऊस मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार केला, की छपरावर पडणारे पाणी लिटरमध्ये मिळते. १००० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी ७ लाख लिटर होते. गळती, बाष्पीभवन आणि छप्पर धुऊन जाणारा पहिला पाऊस यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला, तरी ५ लाख ६० हजार लिटर पाणी साठविता येते किंवा विहिरीत व कूपनलिकेच्या भोवती जिरविता येते.

(इ) वीज : वर्ग रिकामा असताना सुरू राहिलेले पंखे व दिवे मोजावेत. समजा, २० वर्गांत प्रत्येकी ४ पंखे रोज दोन तास विनाकारण फिरतात आणि एक जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. म्हणजे रोज १२ युनिट आणि वर्षातील २०० कामकाजाच्या दिवसांत २,४०० युनिट वीज व्यर्थ जाते. आपल्या देशात वीजनिर्मितीचा मोठा भाग कोळशावर अवलंबून असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. या हिशेबाने तो १,६८० किलो होतो. येथे नवे यंत्र बसविण्याची गरज नाही; वर्ग शेवटी सोडणाऱ्याने बटण बंद करावे, एवढी रीत पुरेशी आहे.

(ई) कचरा : सलग सात दिवसांचा कचरा ओला, सुका आणि घातक अशा तीन भागांत तोलावा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे वर्गीकरण निर्मितीच्या जागीच करणे बंधनकारक केले. सरासरी दररोज १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या शिक्षणसंस्थांची गणना त्या नियमांत मोठ्या कचरा-निर्मात्यांमध्ये करण्यात आली. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्या व तत्सम वस्तूंवर, तर देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. उपाहारगृहात आणि समारंभांत या बंदीचे पालन होते का, हेही पाहणीत नोंदवावे. तोलण्याचे काम सफाई कर्मचाऱ्यांच्या संमतीने व सोयीने करावे, हातमोजे वापरावेत आणि कामाचा भार त्यांच्यावरच टाकू नये.

४.२.५ नोंदीपासून निर्णयापर्यंत

आकडे वहीत राहिले, तर परिसर बदलत नाही. म्हणून निर्णय कोण घेतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. अभ्यास केंद्राच्या पातळीवर प्रथम केंद्र संयोजकांशी बोलावे. इमारत महाविद्यालयाची असल्याने दुरुस्ती व खरेदीचे निर्णय प्राचार्यांकडे किंवा संस्थेच्या व्यवस्थापनाकडे जातात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार संलग्न महाविद्यालयांत महाविद्यालय विकास समिती असते. विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींनाही तिच्यात स्थान आहे. नियमित विद्यार्थ्यांच्या या प्रतिनिधींशी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी संपर्क साधल्यास रविवारचे काम आठवडाभर चालू राहू शकते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांच्या कामाची अपेक्षा असते. नोंदींच्या कामाला हे तास उपयोगी पडतात.

‘नॅक’च्या मूल्यांकनातही संस्थेच्या पर्यावरणविषयक कामाचा विचार होतो. त्यामुळे अनेक महाविद्यालयांना हरित लेखापरीक्षणाचा अहवाल तयार करावा लागतो. असा अहवाल मूल्यांकनापुरता कपाटात राहू नये, यासाठी विद्यार्थ्यांच्या खऱ्या आणि नियमित नोंदी मोलाच्या ठरतात.

प्रस्ताव लिहिताना एका अर्जात एकच मागणी असावी. पुढे एक नमुना दिला आहे.

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव)

द्वारा : मा. केंद्र संयोजक

विषय : पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळील दोन नळांच्या दुरुस्तीबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही आपल्या महाविद्यालयातील अभ्यास केंद्राचे विद्यार्थी आहोत. गेल्या चार रविवारी आम्ही वरील नळांची पाहणी केली. प्रत्येक नळातून सरासरी ४० मिनिटांत एक लिटर पाणी गळते. म्हणजे दोन्ही नळांतून दिवसाला ७२ लिटर आणि वर्षाला सुमारे २६ हजार लिटर पाणी वाया जाते. पाहणीचा तक्ता सोबत जोडला आहे.

या नळांची दुरुस्ती करून घ्यावी, ही विनंती. आमच्यापैकी एका विद्यार्थ्यास हे काम येत असून आपली परवानगी असल्यास तो ते विनामूल्य करून देईल. दुरुस्तीनंतर दर रविवारी पाहणी करून नोंद ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेत आहोत.

आपले विश्वासू,
(विद्यार्थ्यांची नावे व स्वाक्षऱ्या)

या अर्जात तक्रारीचा सूर नाही, उपदेशही नाही. वस्तुस्थिती, मागणी आणि स्वतःची जबाबदारी या तीन गोष्टी आहेत. अर्जाची पोच घेऊन ती नोंदवहीत लावावी. उत्तर न आल्यास महिन्याने स्मरणपत्र द्यावे.

४.२.६ भाषेच्या विद्यार्थ्याचे योगदान

पर्यावरण हा विज्ञान शाखेचा विषय आहे, असा समज आढळतो. परंतु परिसरातील बदल बहुतांशी माणसांच्या सवयींशी निगडित असतात आणि सवयींपर्यंत पोहोचण्याचे साधन भाषा हेच आहे. ‘पाणी वाचवा’ ही सूचना भिंतीवर वर्षानुवर्षे असते. ती वाचून कोणी काय करावे, हे तिच्यात सांगितलेले नसते. ‘हा नळ गळत असल्यास कार्यालयातील नोंदवहीत लिहावे’ ही सूचना वाचणाऱ्याला एक निश्चित कृती देते. सूचना-लेखन, अर्ज-लेखन, अहवाल-लेखन आणि मुलाखत हे आपल्या अभ्यासक्रमातील व्यावहारिक मराठीचे विषय येथे प्रत्यक्ष उपयोगात येतात.

परिसराची स्मृती जपणे, हे आणखी एक काम आहे. आवारातील बुजलेली विहीर कधी चालू होती, पावसाचे पाणी पूर्वी कोणत्या बाजूने वाहत असे, कोणते झाड कोणी लावले, हे बहुधा माळीकाका, शिपाई किंवा निवृत्त कर्मचारी यांनाच ठाऊक असते. त्यांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत लिहून ठेवाव्यात. झाडांवर केवळ शास्त्रीय नावे न लावता कडुनिंब, करंज, बहावा, शिरीष ही मराठी नावे व त्या भागातील पर्यायी नावेही लिहावीत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, ही माहिती वाचली, की देशी आणि परदेशी झाडांविषयीची चर्चा आपोआप सुरू होते. ज्याला नाव माहीत असते, त्याची उणीवही लवकर जाणवते.

अध्ययन-पुस्तिकांचा पुनर्वापर हेही आपल्या हातातील काम आहे. वर्ष पूर्ण झाल्यावर पुस्तिका रद्दीत न देता केंद्रावरील कपाटात जमा कराव्यात. अभ्यासक्रम बदललेला नाही याची खात्री करून पुढील विद्यार्थ्यांना त्या संदर्भासाठी वापरता येतील.

४.२.७ श्रमाची परंपरा आणि सहभागाच्या मर्यादा

शिक्षण आणि श्रम यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजले. शेतात व आवारात काम करून विद्यार्थ्यांनी शिक्षण घेतले. त्या परंपरेत आवार राखणे हे कमी प्रतीचे काम नव्हते. आजच्या सहभागानेही हीच दृष्टी ठेवावयास हवी. विद्यार्थ्याने एक दिवस झाडू हातात धरावा आणि उरलेले वर्षभर झाडणाऱ्याकडे पाहूही नये, असा सहभाग पोकळ असतो.

त्याचबरोबर मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. इमारत कशी बांधावी, कोणती जमीन मोकळी ठेवावी, वीज कोठून घ्यावी, हे मोठे निर्णय व्यवस्थापनाचे असतात. विद्यार्थ्यांनी बटणे बंद केली म्हणून व्यवस्थापनाची जबाबदारी संपत नाही. दुसरी मर्यादा वेळेची आहे. नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याकडून, विशेषतः विद्यार्थिनीकडून, फार वेळेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. म्हणून काम लहान ठेवावे आणि वाटून घ्यावे. तिसरी मर्यादा कालावधीची. विद्यार्थी तीन वर्षांनी जातो. यावर उपाय एकच : नोंदवही केंद्रावर ठेवावी आणि प्रत्येक वर्षअखेरीस प्रथम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना ती समक्ष समजावून सोपवावी.

४.३ सारांश

परिसराची शाश्वतता एका दिवसाच्या उपक्रमातून साध्य होत नाही. पाहणी, नोंद, प्रस्ताव, निर्णय आणि हस्तांतर अशा पाच पायऱ्यांनी ती संस्थेच्या रीतीत उतरते. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी रविवारीच केंद्रावर येत असला, तरी त्याची ताजी नजर, अनुभव आणि भाषा यांमुळे तो या कामात पूर्ण सहभागी होऊ शकतो. पाणी व वीज यांच्या हिशेबाइतकेच परिसर राखणाऱ्या माणसांचे श्रम व प्रतिष्ठा यांना महत्त्व आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

शाश्वत विकास : भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणणारा विकास.
हरित लेखापरीक्षण : संस्थेच्या पाणी, वीज, कचरा इत्यादींच्या वापराची पद्धतशीर तपासणी.
वर्गीकरण : कचरा निर्माण होतो तेथेच त्याचे प्रकारांनुसार भाग करणे.
हस्तांतर : चालू काम व त्याच्या नोंदी पुढील व्यक्तींकडे रीतसर सोपविणे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

योग्य शब्द भरा.
१. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ........ साली स्थापन झाली.
२. ३० मिनिटांत एक लिटर गळणाऱ्या नळातून दिवसाला ........ लिटर पाणी वाया जाते.
३. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक ........ हे होत.

उत्तरे : १. १९९३  २. ४८  ३. कर्मवीर भाऊराव पाटील

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘सहभाग म्हणजे हजेरी नव्हे’ हे विधान घटकातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. परिसराच्या शाश्वततेत भाषेच्या विद्यार्थ्याचे योगदान विशद करा.
३. आपल्या केंद्रावर दिसलेल्या एका त्रुटीविषयी प्राचार्यांना अर्ज लिहा.

४.७ क्षेत्रीय कार्य

पुढील चार संपर्कसत्रांच्या दिवशी आपल्या अभ्यास केंद्रावरील पाणी, वीज किंवा कचरा यांपैकी एकाच बाबीची पाहणी करा. तारीखवार तक्ता तयार करून त्यावर दोन पृष्ठांचा अहवाल लिहा. अहवालाची एक प्रत समंत्रकांना द्या आणि दुसरी केंद्रावरील नोंदवहीत लावा. नोंदवही नसल्यास तिचे पहिले पान आपणच लिहावे.